सर हॉवर्ड ग्रब : दुर्बिणीतून निघालेली गनसाइट

कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर खेळणारे आपल्या हॉस्टेलमध्ये किती आहेत याची गणती रेक्टरांकडेही नसेल. (नसावी हीच प्रार्थना!) 'आयएल-२ श्टुर्मोविक' हा २००१ साली आलेला गेम अजून काही जणांच्या मशीनवर टिकून आहे, कारण त्याला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ज्यांनी तो खेळलाय त्यांना ठाऊक असेल, विमान निवडलं की दारूगोळा भरायच्या स्क्रीनवर कन्व्हर्जन्सचे आकडे भरायला जागा असते. मशीनगनचं किती मीटर, तोफेचं किती मीटर. बहुतेक जण तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग शत्रू बरोबर वर्तुळात असताना गोळ्या त्याच्या डावी-उजवीकडून निघून जातात आणि खापर फुटतं माउसवर. आणि समोरच्या काचेवर तरंगणारं ते वर्तुळ? ते गेमवाल्यांनी आपल्या सोयीसाठी काढलंय असंच सगळे धरून चालतात.

पण खऱ्या विमानातही ते तसंच तरंगायचं. ज्या माणसाच्या डोक्यातून ते निघालं त्याने आयुष्यात एकही विमान बनवलं नाही. त्याचा धंदा दुर्बिणींचा. त्याच्या कारखान्यातली एक मोठी दुर्बीण तर आपल्या पुण्यात होती, आणि तीही एका इंजिनिअरिंग कॉलेजात! त्या माणसाचं नाव सर हॉवर्ड ग्रब.

हॉवर्डचा जन्म २८ जुलै १८४४ चा, आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातला. वडील थॉमस ग्रब हे हाताने शिकलेले कारागीर. सुरुवातीला ते लोखंडी बिलियर्ड टेबलं बनवत, पुढे बँक ऑफ आयर्लंडमध्ये नोटा छापायच्या यंत्रांचे इंजिनिअर झाले आणि जोडीला दुर्बिणी बनवू लागले. म्हणजे घरात लेथ, ओतकाम, भिंगं घासणं हे सगळं पहिल्यापासूनच. हॉवर्ड डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता. ते पुरं व्हायच्या आतच वडिलांनी त्याला कारखान्यात ओढलं. वय विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याएवढंच. आपण या वयात प्रोजेक्टचा टॉपिक मागच्या बॅचकडून घेतो. त्याच्या गळ्यात पडलं ते ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरासाठी ४८ इंची आरशाची दुर्बीण बनवायचं काम.

या दुर्बिणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ग्रब यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर तिची सावली आहे. आरसा काचेचा नव्हता, धातूचा होता. तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूला स्पेक्युलम म्हणतात, त्याची टनाच्या घरातली तबकडी ओतायची, ती तडकू न देता हळूहळू थंड करायची आणि मग घासून घासून तिला आकार द्यायचा. असे दोन आरसे झाले, म्हणजे एकाला पॉलिश चालू असताना दुसरा वापरता यावा. खरं तर काचेवर चांदीचा पातळ थर देऊन आरसा करायची युक्ती तोवर युरोपात आली होती. पण काम देणाऱ्या समितीतल्या बुजुर्गांचा भरवसा जुन्या धातूवर. १८६८ मध्ये दुर्बीण तयार झाली, पुढच्या वर्षी मेलबर्नला उभी राहिली. प्रवासात आरसा खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर लाखेचा थर दिला होता. तो काढताना पॉलिशला धक्का बसला. नळी जाळीदार, त्यामुळे वाऱ्यात थरथरणार. धातूही काळवंडत गेला. आता पुन्हा पॉलिश कोण करणार? डब्लिनचा कारागीर अर्ध्या जगाच्या पलीकडे, आणि तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना ते काम येत नाही. या दुर्बिणीने अपेक्षेएवढं काम कधीच केलं नाही. मोठ्या आरशांच्या दुर्बिणींवरचा लोकांचा विश्वास त्यामुळे कित्येक वर्षं उडाला असं पुढच्या पिढीतले दुर्बीण बनवणारे म्हणत. माझ्या मते यात यंत्रशाळेचा दोष सर्वांत कमी आहे. लोखंडी सांगाडा आणि फिरवण्याची यंत्रणा उत्तम होती. मटेरियलची निवड चुकली, आणि वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर तिची देखभाल कोण करणार याचा विचार झाला नाही.

पण या कामाने हॉवर्ड तयार झाला. वडील थकत गेले तसा कारखाना त्याच्या हाती आला. डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात त्याने नवी यंत्रशाळा उभारली. त्या गल्लीला आजही 'ऑब्झर्व्हेटरी लेन' म्हणतात. व्हिएन्नाच्या वेधशाळेसाठी २७ इंची भिंगाची दुर्बीण तिथूनच गेली. तेव्हा जगात याहून मोठी भिंगाची दुर्बीण नव्हती. सगळ्या आकाशाचे फोटो काढून नकाशा करायचा अशी मोठी आंतरराष्ट्रीय योजना १८८७ मध्ये ठरली, तिच्यासाठीही ग्रबच्या अनेक दुर्बिणी गेल्या. फोटो काढायचा तर तारा प्लेटवर बराच वेळ एका जागी धरून ठेवायला हवा. पृथ्वी फिरत असते, म्हणून दुर्बीण उलट्या दिशेने त्याच वेगात फिरवायची. घड्याळासारख्या त्या यंत्राला विजेने शिस्त लावायची पद्धत त्याने काढली. १८८३ साली रॉयल सोसायटीची फेलोशिप, १८८७ साली 'सर' पदवी. तेव्हा इथून पुढे आपणही त्यांना अहोजाहो करू.

आता पुणे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते. १८८२ मध्ये भावनगरच्या महाराजांनी, तख्तसिंगजींनी, त्यांना ५,००० रुपयांची देणगी दिली, सरकारने तेवढीच भर घातली, आणि नायगमवाला इंग्लंडला जाऊन उपकरणांची चौकशी करून आले. पुढे त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये. तिथे १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा तयार झाली. तिची मुख्य दुर्बीण ग्रब यांच्या कारखान्याची. ही २० इंची आरशाची दुर्बीण कित्येक दशकं भारतातली सर्वांत मोठी होती. सीओईपीच्या मित्रांना हे माहीत आहे का, ते एकदा फेस्टिव्हलला गेल्यावर विचारायला हवं!

नायगमवाला नुसते घुमटाखाली बसणारे नव्हते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते आपली मंडळी घेऊन जेऊरला गेले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही त्याच गावी उतरली होती. जेऊर म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं. माझं आजोळ वडगाव रासाई, शिरूर तालुक्यात. तिथून भीमा ओलांडली की दौंड तालुका, आणि दौंडला सोलापूरची गाडी पकडली की वाटेत जेऊर स्टेशन. या रस्त्याने इतक्या वेळा जाऊनही मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. ऊसवाल्यांची रात्रपाळीची लाइट गेली की वडगावच्या शेतावरून आकाशगंगा अजून दिसते. पुण्यातून ती दिसायची बंद झाली आहे.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. तिकडे तिला भावनगर टेलिस्कोप हे नाव पडलं. पुण्याचं नावही राहिलं नाही.

आता वळूया मूळ मुद्द्याकडे. साल १९००. सर हॉवर्ड ५६ वर्षांचे. राइट बंधूंचं विमान उडायला अजून तीन वर्षं आहेत. त्या वर्षी त्यांनी तोफा आणि बंदुकांसाठी एका नव्या साइटचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी रॉयल डब्लिन सोसायटीच्या नियतकालिकात तिच्यावर निबंध छापला.

एनसीसीवाल्यांनी फायरिंग केलंय, त्यांना अडचण लगेच कळेल. बॅकसाइटची खाच, फोरसाइटचं टोक आणि लांबचं टार्गेट, या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणायच्या. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतो. टोक स्पष्ट दिसलं की टार्गेट पुसट. दुर्बीण लावावी तर डोळा भिंगाला चिकटवावा लागतो, आणि बंदुकीचा धक्का भुवईवर बसतो.

ग्रब यांनी काय केलं ते समजायला फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमधला स्पेक्ट्रोमीटर आठवा. (वायवाला विचारतात!) त्याच्या कोलिमेटरमध्ये फट भिंगाच्या बरोबर फोकसवर असते, म्हणून तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. दुर्बिणीत याच्या उलट घडतं. तारा इतका दूर की त्याचे किरण समांतरच येतात, आणि भिंग त्यांना एका बिंदूत गोळा करतं. दुर्बीण उलटी चालवली तर? बिंदूच्या जागी एक छोटी खूण ठेवायची, तिचे किरण भिंगातून समांतर करायचे आणि तिरप्या काचेवरून परावर्तित करून डोळ्यात सोडायचे. काच पारदर्शक आहे, म्हणून तिच्यातून टार्गेटही दिसतं आणि त्याच्यावर ती खूणही. डोळ्याला वाटतं की खूण ताऱ्याइतकी दूर आहे. आयुष्यभर खरे तारे डोळ्यापर्यंत आणणाऱ्या माणसाने या वेळी एक खोटा तारा तयार केला.

याचा फायदा आकड्यांत बघा. तुमच्या डोळ्यापासून ५० सेंटीमीटरवर विमानाच्या काचेवर नुसतं एक वर्तुळ रंगवलंय असं समजा. तुमचं डोकं १ सेंटीमीटर सरकलं तर २५० मीटरवरचा नेम ५ मीटरने हुकेल. जर्मन मेसरश्मिट १०९ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम १० मीटर. म्हणजे मध्यावर धरलेला नेम थेट पंखाच्या टोकाला गेला. वळणाऱ्या, हिसके खाणाऱ्या विमानात डोकं १ सेंटीमीटरमध्ये धरून ठेवणं केवळ अशक्य. ग्रब यांच्या साइटमध्ये मात्र डोकं सरकलं तरी खूण टार्गेटवरून हलत नाही. काचेच्या बाहेर गेलात तर ती दिसेनाशी होते, एवढंच. हेड-ट्रॅकिंग लावून चांगला सिम्युलेटर खेळलात तर नेमकं हेच बघायला मिळतं. आणि आयएल-२ मध्ये मेसरश्मिटला साइटवर यायला वेगळी की दाबावी लागते ती का? जर्मन लोक साइट थोडी उजवीकडे बसवत, पायलटला त्या बाजूला झुकावं लागे. गेमने ते झुकणं त्या की वर टाकलंय.

पण १९०० साली या साइटला मोठा उठाव मिळाला नाही. ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत तेव्हा १४ वर्षांची, म्हणजे पहिलं महायुद्ध पेटलं त्या वर्षी ती संपली. विमानावर अशी साइट पहिल्यांदा बसवली ती १९१८ मध्ये, आणि तीही जर्मनांनी! बर्लिनच्या ऑइगे कंपनीची होती ती. ब्रिटिशांना जाग आली १९३० च्या दशकात. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीची जीएम-२ साइट मग स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये बसली. वर्तुळाला आता बॅटरीच्या दिव्याचा उजेड. तिला दोन चाकं असत. एकावर शत्रूच्या विमानाच्या पंखांची लांबी लावायची, दुसऱ्यावर अंतर. शत्रूचे पंख मधल्या फटीत बरोबर बसले की समजायचं, ठरवलेल्या अंतरावर आलो. ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाची हरिकेन आणि पुढे स्पिटफायर विमानं लढली. पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख झालेले आपले हृषिकेश मुळगावकर हे त्याच पिढीतले. आज लोहगावच्या सुखोईत पायलटच्या समोर जो हेड-अप डिस्प्ले असतो, त्यातही आकडे आणि खुणा समांतर किरण करूनच दाखवतात.

आता ते 'अंतर' म्हणजेच आपलं कन्व्हर्जन्स. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याने त्याला मराठीत अभिसरण म्हणतात हे मला शब्दकोशात बघावं लागलं. आपण कन्व्हर्जन्सच म्हणू.) साइट फक्त डोळ्याची रेषा दाखवते, गोळी तिच्या स्वतःच्या रेषेने जाते. स्पिटफायरच्या आठ मशीनगन पंखांत, मधल्या रेषेपासून दूर. म्हणून नळ्या किंचित आत वळवून गोळ्यांच्या धारा पुढे एका ठिकाणी एकत्र आणतात. समजा एक गन मधल्या रेषेपासून २ मीटरवर आहे आणि कन्व्हर्जन्स २५० मीटर ठेवलं. समरूप त्रिकोण मांडा. १२५ मीटरवर ती गोळी रेषेपासून १ मीटर बाजूला असेल, २५० वर बरोबर रेषेत, आणि ५०० वर पुन्हा २ मीटर, पण आता दुसऱ्या बाजूला. याच कारणाने गेममध्ये ८०० मीटर भरून जवळून मारणाऱ्याचा शत्रू दोन धारांच्या मधून सुखरूप निसटतो. शिवाय गोळी खाली पडते. .३०३ ची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते, २५० मीटर जायला एक तृतीयांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात ती अर्धा मीटरभर पडते. म्हणून नळीचं तोंड साइटच्या रेषेपेक्षा जरासं वर. ज्या विमानांच्या गन नाकातच असतात त्यांना आडव्या कन्व्हर्जन्सची कटकट नाही, पडण्याचा हिशेब मात्र त्यांनाही चुकत नाही.

खऱ्या विमानात हे काम जमिनीवर चाले. विमानाची शेपटी स्टँडवर उचलून ते उडताना असतं तसं आडवं करायचं, समोर खुणांचा बोर्ड उभा करायचा, मग साइट एका खुणेवर आणि प्रत्येक नळी आपापल्या खुणेवर येईपर्यंत आर्मररने स्क्रू पिळायचे. याला हार्मोनायझेशन म्हणत. युद्धाआधी ब्रिटिश हवाई दलाने हे अंतर ४०० यार्ड ठरवलं होतं. नेम कच्चा असलेल्या पायलटच्याही काही गोळ्या लागाव्यात म्हणून गोळ्या पसरतील अशी मांडणी. १९४० च्या लढाईत सेलर मलानसारख्या पायलटांनी ते २५० यार्डांवर आणून घेतलं. जवळ जा आणि मगच मारा, असा हिशेब. आपल्या गेममध्ये सुरुवातीला २०० ते २५० मीटर ठेवा आणि तेवढ्या जवळ जायची सवय लावा. यावर कॉमन रूममध्ये वाद घालायची माझी तयारी आहे.

दुर्बिणीतही आरसे आणि भिंगं एका अक्षावर आणायला असेच स्क्रू पिळावे लागतात, त्याला कोलिमेशन म्हणतात. ग्रब यांच्या माणसांचं रोजचंच काम ते.

सर हॉवर्ड यांचे शेवटचे दिवस मात्र फार सुखाचे नाहीत. १९०१ पासून ते ब्रिटिश नौदलाच्या पहिल्यावहिल्या पाणबुड्यांसाठी पेरिस्कोप बनवू लागले होते. महायुद्धात तर ब्रिटिश पाणबुड्यांचे बहुतेक पेरिस्कोप त्यांच्याच कारखान्यातून जात. दुर्बिणींची कामं मागे पडली. १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. पेरिस्कोप समुद्रावरून न्यायचे तर जर्मन पाणबुड्यांची भीतीही होतीच. तेव्हा सरकारने अख्खा कारखाना इंग्लंडमध्ये सेंट आल्बन्सला हलवायला लावला. यंत्रं हलवेपर्यंत युद्ध संपलं आणि पेरिस्कोपची गरजही. युद्धाआधी घेतलेल्या रशियाच्या दोन मोठ्या दुर्बिणी अर्धवट पडून होत्या. तिकडे क्रांती होऊन गेली होती, इकडे भाव वाढून जुन्या करारांत काम परवडेना. युद्धाने हा कारखाना पोसला आणि युद्धानेच बुडवला असं मला वाटतं. १९२५ मध्ये तो विकायची वेळ आली.

विकत घेणाऱ्याचं नाव मेकॅनिकलवाल्यांना पाठ आहे. सर चार्ल्स पार्सन्स, रिअ‍ॅक्शन टर्बाइनवाले! त्यांचे वडील लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्येच त्या काळची जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभारली होती, म्हणजे हा धंदा त्यांच्या घरच्यासारखाच. कंपनीचं नाव झालं ग्रब पार्सन्स, आणि ती न्यूकॅसलला गेली. सर हॉवर्ड निवृत्त होऊन डब्लिनला परतले. १६ सप्टेंबर १९३१ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी ते वारले. स्पिटफायर पहिल्यांदा उडालं ते १९३६ मध्ये. आपला खोटा तारा त्याच्या काचेवर चमकताना त्यांनी पाहिला नाही.

मेलबर्नची ती बदनाम दुर्बीण १९४४ मध्ये विकली गेली आणि कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेत पोचली. तिथे तिच्यात बरेच नवे भाग घालून ती पुन्हा पुन्हा वापरली गेली. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या जंगलाला वणवा लागला, घुमट जळाला, नवा आरसा फुटला, नवे भाग वितळले. डब्लिनला ओतलेले जुने लोखंडी भाग मात्र शाबूत राहिले. ते मेलबर्नच्या म्युझियमने परत नेले आणि तिथली हौशी निरीक्षक मंडळी त्यांच्यावरून दुर्बीण पुन्हा जोडण्याच्या कामाला लागली.